ब्युरेटच्या शेजारी संगणक हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विज्ञान शाखेच्या बदललेल्या अभ्यासक्रमाविषयी आपल्या दैनिकात गेले काही दिवस वाचकांची पत्रे प्रसिद्ध होत आहेत. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर प्रोग्रॅमिंगचा बोजा कशाला, ते काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता करून देतेच, असा त्यांतल्या एका पत्राचा सूर होता. दुसऱ्या पत्रात याच्या अगदी उलट, प्रत्येक शाखेला संगणकाची एक स्वतंत्र लेखी प्रश्नपत्रिका सक्तीची करावी, अशी मागणी होती. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २६ वर्षे रसायनशास्त्र शिकवते आहे आणि ही दोन्ही मते मला सारखीच चुकीची वाटतात. रसायनशास्त्राच्या पदवीधराला थोडेफार प्रोग्रॅमिंग आलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही; परंतु ते रसायनशास्त्राच्याच प्रयोगशाळेत, आज चालू असलेल्या प्रयोगांच्या आकडेमोडीतून आणि रसायनशास्त्राच्याच शिक्षकाने शिकवले पाहिजे, एवढे म्हणण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

स्वतंत्र लेखी पेपरचे काय होते, हे आम्ही पाहून चुकलो आहोत. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात (नाव घेण्याचे कारण नाही) रसायनशास्त्राच्या मुलांना असा पेपर होता. संगणकाच्या पिढ्या, इनपुट व आउटपुट साधनांची यादी, रॅम आणि रॉम यांतील फरक यांत पहिला महिना गेला. पुढचे प्रोग्रॅम वहीत उतरवून घ्यायचे, पाठ करायचे आणि परीक्षेत कागदावर लिहायचे. अर्धविराम राहिला म्हणून अर्धा गुण कापलेली उत्तरपत्रिका मी स्वतः पाहिली आहे. ज्या मुलीचा तो अर्धा गुण गेला, तिने तो प्रोग्रॅम संगणकावर एकदाही चालवलेला नव्हता. त्यामुळे अर्धविराम राहिला तर संगणक नेमका काय म्हणतो, हे तिला कधी कळलेच नाही. संगणक कक्ष होता, पण यंत्रांवर प्लास्टिकची आवरणे होती आणि कक्षाची किल्ली ज्यांच्याकडे, ते बहुतेक वेळा परीक्षा विभागाच्या कामात गुंतलेले असत.

केवळ महाविद्यालयांना बोल लावणे मात्र योग्य होणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्या सुमारास श्रेयांकाधारित निवड पद्धतीसाठी बी.एस्सी. ऑनर्सचा जो नमुना अभ्यासक्रम दिला, त्यात रसायनशास्त्रातील संगणकाच्या उपयोगावर एक ऐच्छिक विषय होता. त्यातील गणिती पद्धतींची निवड चांगली होती: समीकरणांची मुळे शोधण्याच्या द्विभाजन आणि न्यूटन-रॅफसन या पद्धती, सिम्पसनच्या नियमाने संकलन, वगैरे. पण भाषा नेमलेली होती बेसिक, जी १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात तयार झाली. ती वाईट भाषा होती असे मी म्हणणार नाही. माझी स्वतःची पहिली ओळख तिच्याशीच झाली, आणि विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा तिच्या कर्त्यांचा हेतू आजही आदर्श वाटावा असाच आहे. तरीही पन्नास वर्षांनंतर ती शिकून बाहेर पडलेल्या मुलाला तिचा उपयोग करायला जागा उरलेली नव्हती. मुलांना हे कळते, आणि जे कुठेच चालत नाही ते शिकण्यात त्यांना रस वाटत नाही.

आता प्रत्यक्ष प्रयोगशाळेत येऊ. एस.वाय.बी.एस्सी.च्या वर्गाला वर्षानुवर्षे एक प्रयोग आहे: हायड्रोक्लोरिक आम्लाच्या उपस्थितीत मिथाइल ॲसिटेटचे जलापघटन, म्हणजे पाण्याशी अभिक्रिया होऊन होणारे विघटन. मिश्रण तयार करून घड्याळ लावायचे, ठरावीक वेळाने ५ मिलिलिटर पिपेटने काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचे आणि फिनॉल्फ्थॅलिन घालून सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करायचे, म्हणजे आम्ल नाहीसे व्हायला ते किती लागते हे मोजायचे. अभिक्रिया जसजशी पुढे जाते तसतसे ॲसिटिक आम्ल वाढते आणि ब्युरेटचे (द्रव मोजून सोडणाऱ्या नळीचे) रीडिंग चढत जाते. थोडे मिश्रण वेगळे काढून कोमट पाण्यात ठेवायचे, म्हणजे अभिक्रिया पूर्ण होऊन शेवटचे, ज्याला आम्ही सगळे ‘इन्फिनिटी रीडिंग’ म्हणतो, ते मिळते. त्यातून प्रत्येक रीडिंग वजा करायचे, क्लार्क टेबल उघडून लॉग काढायचा, २.३०३ ने गुणायचे, वेळेने भागायचे. वेगस्थिरांकाच्या, म्हणजे अभिक्रिया किती वेगाने होते ते सांगणाऱ्या आकड्याच्या, अशा सहा किमती आल्या की सरासरी काढून जर्नलमध्ये लिहायची आणि सही घ्यायची.

या आकडेमोडीत दीड तास जातो आणि त्या दीड तासात रसायनशास्त्र जवळजवळ नसतेच. त्याहून वाईट एक गोष्ट घडते, जी प्रत्येक शिक्षकाला माहीत असते आणि कोणी बोलत नाही. अभिक्रियेचा वेगस्थिरांक ‘स्थिर’ आला पाहिजे हे मुलांना आधीच ठाऊक असते. मग ज्या रीडिंगमुळे तो स्थिर येत नाही, ते रीडिंग ती बदलतात. याला आमच्याकडे ‘रीडिंग बसवणे’ असा शब्दच आहे. दीड तासाची आकडेमोड पुन्हा करण्यापेक्षा १४.६ चे १४.२ करणे सोपे असते, आणि माझ्या मते या खोटेपणाचे निम्मे मूळ मुलांच्या स्वभावात नसून हाताने करायच्या आकडेमोडीच्या कंटाळ्यात आहे.

दोन वर्षांपूर्वी मी हा प्रयोग जरा वेगळ्या तऱ्हेने घेतला. वर्गातील एका जुन्या संगणकावर पायथॉन भाषेतील दहा-बारा ओळी आम्ही मिळून लिहिल्या: रीडिंग एका यादीत, वेळा दुसऱ्या यादीत, एक सूत्र आणि एक आलेख. प्रयोग दोन-अडीच तास चालवला होता. पडद्यावर ठिपके उमटले, तेव्हा ते सुरुवातीला एका रेषेत होते आणि शेवटाकडे खाली वाकत गेले होते. जर्नलमध्ये अशी वाकडी रेषा मी २४ वर्षांत पाहिली नव्हती, कारण ती माझ्यापर्यंत येण्यापूर्वीच सरळ केलेली असे. मी मुलांना इन्फिनिटी रीडिंग दीड-दोन मिलिलिटरने वाढवून पाहायला सांगितले. एक आकडा बदलून बटण दाबले आणि रेषा सरळ झाली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, इन्फिनिटीचं रीडिंगच कमी आलंय. आमचा फ्लास्क पाण्यात नीट बुडाला नव्हता, वरचं मिश्रण गारच होतं.” चूक कोठे झाली ते तिने आलेखावरून ओळखले आणि तिचे कारण फ्लास्कमध्ये शोधले. वेगस्थिरांकाचे सूत्र पाठ असलेल्या किती मुलांना हे जमले असते?

त्यानंतरचा तास माझ्या फार लक्षात राहिला आहे. इन्फिनिटी रीडिंग चुकीचे आहे हे कळले, मग ते न घेताच वेगस्थिरांक काढता येईल का, असा प्रश्न निघाला. १९२६ साली गुगेनहाइम या शास्त्रज्ञाने हाच प्रश्न सोडवला होता: ठरावीक अंतराने रीडिंगच्या जोड्या घेऊन फक्त त्यांच्या फरकाचा लॉग काढायचा, म्हणजे शेवटच्या रीडिंगची गरज उरत नाही. संगणक नसलेल्या काळातील ती सुंदर युक्ती होती. आज मुले तेच काम सरळ मार्गाने करू शकतात. वेगस्थिरांक आणि इन्फिनिटी रीडिंग ही दोन्ही अज्ञात धरायची आणि सगळ्या ठिपक्यांच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी वक्ररेषा संगणकाकडून शोधून घ्यायची. मात्र प्रयोग तासाभरातच आटोपता घेतला असेल तर हे उत्तरही भरकटते, हे मुलांनी आधीची चार-पाच रीडिंगच वापरून स्वतः पाहिले. मग पुढच्या वेळी अभिक्रिया किती वेळ चालू ठेवायची, यावर त्यांची आपसात चर्चा झाली. प्रयोगाची आखणी म्हणतात ती हीच, आणि ती आम्ही आजवर पुस्तकातल्या ‘कृती’ या मथळ्याखाली आयती देत आलो आहोत.

दुसरे उदाहरण त्याहून साधे आहे. सौम्य आम्लाचा सामू (पीएच) काढण्याचे एक सूत्र बारावीपासून सर्वांना पाठ असते: विचरण स्थिरांक (आम्ल आयनांत किती फुटते त्याचे माप) आणि संहती (लिटरमागे आम्ल किती) यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेतले की हायड्रोजन आयनांची संहती मिळते. ॲसिटिक आम्लाचा विचरण स्थिरांक ०.००००१८ धरला आणि संहती लिटरला ०.१ मोल असेल, तर सामू २.८७ येतो, काटेकोर समीकरणाने तो २.८८ येतो, म्हणजे तक्रारीला जागा नाही. आता तेच आम्ल विरळ करत न्या. संहती ०.००००१ मोल झाली की सूत्र सांगते, हायड्रोजन आयन ०.००००१३४ मोल. आपण घागरीत जेवढे ओतले त्याच्या सव्वापटीहून जास्त बाहेर आले! काटेकोर उत्तर ०.०००००७१६ मोल आहे, म्हणजे सामू ४.८७ नसून ५.१५ आहे. सूत्र चुकीचे नाही, ते एका गृहीतकावर उभे आहे आणि हे गृहीतक विरळ द्रावणात मोडते, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. ते मुलांच्या गळी उतरले, जेव्हा त्यांनी संहती दर वेळी दहापट कमी करत दोन्ही उत्तरे शेजारी-शेजारी छापणारा आठ ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि तक्त्याच्या कोणत्या ओळीपासून दोन आकडे एकमेकांची साथ सोडतात ते बोट ठेवून दाखवले.

येथे कोणी म्हणेल की, आमची मुले बी ग्रुपची, बारावीला गणित सोडून आलेली. त्यांना हे कसे झेपणार? ही अडचण खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेत नाही. गणित टाळण्यासाठी रसायनशास्त्र घेतलेली मुले माझ्या प्रत्येक वर्गात असतात. पण द्विभाजन पद्धती म्हणजे मनातला आकडा ओळखण्याचा खेळ आहे. सामू ० ते १४ च्या दरम्यान कोठेतरी आहे. ७ धरून पाहा, द्रावणातील धन आणि ऋण प्रभार जुळतात का? धन प्रभार जास्त भरला तर सामू ७ च्या वर आहे, कमी भरला तर खाली. जो अर्धा भाग उरला त्याचा मध्य घ्या आणि पुन्हा विचारा. दहा प्रश्नांत उत्तर ०.०१४ एवढ्या पट्ट्यात सापडते, वीस प्रश्नांत शंभराव्या काय, दहा हजाराव्या अंशापर्यंत शंका उरत नाही. आमच्या वर्गात हे आधी दोन मुलांनी समोरासमोर उभे राहून तोंडी खेळून दाखवले आणि मग संगणकाला शिकवले. ज्या मुलाला वर्गसमीकरणाचे सूत्र आठवत नव्हते, त्याने तिसऱ्या घाताचे समीकरण या रीतीने सोडवले. बीजगणिताच्या भीतीवर मला तरी याहून चांगला उतारा सापडलेला नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता प्रोग्रॅम लिहून देते, या मुद्द्याकडे आता वळते. देते, आणि बरेचदा चांगला लिहून देते. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने वर सांगितलेल्या मिथाइल ॲसिटेटच्या प्रयोगासाठी असाच प्रोग्रॅम मोबाइलवर तयार करून आणला. तो एका फटक्यात चालला, आलेखही देखणा निघाला आणि वेगस्थिरांक आला मिनिटाला ०.०११५. शेजारच्या गटाचा, त्याच बाटलीतील आम्ल आणि त्याच तापमानाला, ०.००५० होता. कोणाचे बरोबर? मुलाचे म्हणणे, माझे संगणकाने काढले आहे. मी त्याला अर्धायुकाल काढायला सांगितला. तो आला साठ मिनिटे. म्हणजे एका तासात निम्मे मिथाइल ॲसिटेट संपायला हवे होते, आणि त्याच्याच निरीक्षण तक्त्यात तासाभरात जेमतेम पाव भाग संपला होता. मग दोन्ही उत्तरांचा भागाकार केला: २.३. पायथॉनमध्ये नुसते ‘लॉग’ लिहिले तर ते नैसर्गिक लॉग असते, आणि आमच्या पुस्तकातील सूत्रातला २.३०३ हा गुणक दहा पाया असलेल्या लॉगसाठी आहे. मुलाने पुस्तकातील सूत्र जसेच्या तसे सांगितले, यंत्राने ते जसेच्या तसे लिहिले आणि दोघांच्या मध्ये २.३०३ दोनदा मोजला गेला. ही चूक ओळखायला प्रोग्रॅम वाचता यावा लागतो, लॉग म्हणजे काय ते माहीत असावे लागते आणि उत्तर निरीक्षणाशी ताडून पाहण्याची सवय असावी लागते. तिन्ही गोष्टी रसायनशास्त्राच्या शिक्षकानेच शिकवायच्या आहेत. (एक कबुली: अशी चूक मीही पहिल्या वर्षी केली होती, फक्त माझी मी वर्गात जाण्यापूर्वी पकडली.)

प्रोग्रॅम वाचता न येण्याची किंमत मोठमोठ्या संशोधकांनीही मोजली आहे. रेणूंच्या संभाव्य रचनांसाठी एनएमआर (रेणूची रचना ओळखण्याची चुंबकीय तपासणी) वर्णपटातील किमतींचा हिशेब करणारी पायथॉनची एक छोटी आज्ञावली २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर वापरली जाऊ लागली. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातील संशोधकांना आढळले की, तीच आज्ञावली आणि त्याच फायली वेगवेगळ्या संगणक प्रणालींवर वेगवेगळे उत्तर देतात. कारण अगदी किरकोळ होते. फायली नावांच्या क्रमाने वाचल्या जातील असे आज्ञावलीने गृहीत धरले होते. काही प्रणालींवर तसे होत असे, काहींवर होत नसे, आणि क्रम बिघडला की एका फायलीतील आकड्याची जोडी भलत्याच फायलीतील आकड्याशी लागत असे. उपाय म्हणजे फायलींची यादी आधी क्रमाने लावून घेणे, बस. ही आज्ञावली वापरणारे सगळे तयारीचे रसायनशास्त्रज्ञ होते; तरी ते व्यंग पाच वर्षे कोणाच्या नजरेस आले नाही.

आमच्या स्तरावर एवढे लांब जावे लागत नाही, साधे एक्सेल पुरते. प्रयोगशाळेतील रसायनांची यादी संगणकावर घेताना आम्ही प्रत्येक रसायनापुढे त्याचा कॅस क्रमांक (प्रत्येक पदार्थाला जगभर एकच असणारा ओळख क्रमांक) लिहायचे ठरवले, म्हणजे एकाच पदार्थाच्या तीन नावांचा घोळ होणार नाही. सोडियमचा ७४४०-२३-५ नीट उतरला. त्याच्या शेजारी केरोसीनमध्ये ठेवलेल्या पोटॅशियमचा क्रमांक ७४४०-०९-७ मात्र उमटताच बदलला आणि चौकटीत तारीख आली: इसवी सन ७४४० मधील ७ सप्टेंबर. तेवीस नावाचा महिना नसल्याने सोडियम वाचले, नववा महिना असल्याने पोटॅशियम सापडले. प्लॅटिनमचा क्रमांक ७४४०-०६-४ आहे, तो आमच्या कपाटात असता तर त्याचीही ४ जून झाली असती. आमची ऐपत नसल्याने तो प्रश्न आला नाही. स्तंभाचा प्रकार आधी ‘टेक्स्ट’ असा ठरवून द्यावा, एवढीच यातली युक्ती. पण माहितीला प्रकार असतो, आकड्यासारखा दिसणारा प्रत्येक मजकूर आकडा नसतो, ही प्रोग्रॅमिंगची पहिली शिकवण त्या दिवशी माझ्या मुलांना पोटॅशियमने दिली.

आमचे पदवीधर जातात कोठे, तेही पाहिले पाहिजे. कुरकुंभ, लोटे, महाड, तारापूर, गोव्यात वेर्णा येथील औषधे आणि रसायनांच्या कारखान्यांत गुणनियंत्रण विभागात ती लागतात. तेथे एचपीएलसीसमोर (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रासमोर) बसणाऱ्या मुलाने ब्युरेट हातात धरण्याचे प्रसंग कमी आणि आकडे हाताळण्याचे जास्त. अमेरिकेला औषध पाठवायचे असेल तर तेथील अन्न व औषध प्रशासनाचा इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीचा १९९७ चा नियम लागू होतो, आणि आकड्यांच्या सचोटीविषयी त्याच प्रशासनाने २०१८ मध्ये सविस्तर मार्गदर्शनही दिले आहे. एक्सेलमधील हिशेबाचा तक्तासुद्धा तपासून, प्रमाणित करून आणि कुलूपबंद करूनच वापरायचा असतो. माझा एक माजी विद्यार्थी एका कारखान्यात असताना त्याने सूत्र खालच्या ओळींत ओढले आणि विरलीकरणाच्या गुणकाची चौकट सूत्राबरोबर एकेक ओळ खाली सरकत गेली. दुसऱ्या नमुन्यापासून सगळी उत्तरे चुकली. चौकटीचा पत्ता एका चिन्हाने पक्का करावा लागतो, हे त्याला तीन वर्षांच्या पदवीत कोणी सांगितलेले नव्हते. सांगणारी मीच असायला हवी होते.

संशोधनाकडे जाणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल वॉल्टर कोन आणि जॉन पोपल यांना संगणकाधारित पुंज रसायनासाठी मिळाले आणि २०२४ चे डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना प्रथिनांची रचना संगणकावर घडवण्या-ओळखण्यासाठी मिळाले, एवढ्यावरून वारे कोणीकडे वाहते आहे ते कळते. पण माझ्या वर्गातील साठ मुलांपैकी संशोधनाकडे जाणारी एक-दोनच, आणि माझा आग्रह उरलेल्या अठ्ठावन्नांसाठी आहे.

भाषेचा प्रश्न राहतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना प्रोग्रॅमिंग म्हणजे इंग्रजीचीच परीक्षा वाटते. वास्तविक पायथॉनमध्ये राखीव शब्द ३५ आहेत. तेवढे इंग्रजी शब्द आमची मुले कार्बनी रसायनशास्त्राच्या एका धड्यात पाठ करतात. आणि फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट अशी की, पायथॉनमध्ये चलांची नावे देवनागरीत देता येतात. ‘संहती’, ‘सामू’, ‘वेळ’ अशी नावे घालून लिहिलेला प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो. मजकूर म्हणून दिलेले देवनागरी अंकही, उदाहरणार्थ १२.५, ते आकड्यात बदलून घेते. थेट सूत्रात लिहायचे अंक मात्र इंग्रजीच (1, 2, 3) लागतात. पहिल्या दोन-तीन तासांना मी मुलांना अशी मराठी नावे देऊ देते. पुढे ती आपणहून छोट्या इंग्रजी अक्षरांकडे वळतात, कारण कळफलक बदलण्याचा कंटाळा येतो. पण तोवर भीती गेलेली असते. मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम असे अनेक विषय मराठी ध्वनिमुद्रणासह विनामूल्य शिकवतो, हे शिक्षकांनाही ठाऊक असले पाहिजे.

पैशांची सबब मला मान्य नाही. लागणारी सगळी आज्ञाप्रणाली फुकट मिळते. रेणूंची माहिती हवी असेल तर अमेरिकन सरकारचे पबकेम हे भांडार २००४ पासून सर्वांना खुले आहे आणि त्यात दहा कोटींहून अधिक संयुगे आहेत. ऑनलाइन परीक्षांसाठी घेतलेले संगणक वर्षातले कित्येक महिने बंदच असतात. त्यांतले चार रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणून ठेवले तर पंधरा मुलांच्या एका तुकडीला पुरतात. मात्र ते आम्लाच्या कपाटापासून आणि बेसिनपासून लांब ठेवावेत. आमच्या पहिल्या संगणकाचे कळफलक जोडण्याचे तोंड आम्ही असेच घालवले आहे.

वेळेची सबबही तितकीशी टिकत नाही. नव्या रचनेत प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास आहेत, म्हणजे दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाला सत्रात ६० तास मिळतात. त्यांत एकही नवा प्रयोग घालू नका. वेगस्थिरांक, सामूमापी वापरून केलेले अनुमापन आणि रंगमापनातील अंशशोधन रेषा, हे तीन प्रयोग तरी आज बहुतेक ठिकाणी होतातच. त्यांची आकडेमोड लॉग टेबलऐवजी संगणकावर करायची, एवढाच बदल मी मागते आहे. पहिल्यांदा वेळ जास्त जातो, हे खरे. तिसऱ्या प्रयोगाला तो वाचू लागतो.

खरी अडचण शिक्षकांची आहे, आणि ती मी माझ्या पिढीची म्हणूनच सांगते. आम्हाला हे शिकवलेले नाही, आणि पदोन्नतीसाठी जी उजळणी शिबिरे आम्ही करतो, त्यांत भाषणे ऐकून प्रमाणपत्रे मिळतात. उन्हाळी सुटीत दोन आठवड्यांचे, प्रत्येकाला स्वतंत्र संगणक असलेले आणि शेवटी आपल्याच महाविद्यालयातील एक प्रयोग प्रोग्रॅमसह तयार करून दाखवायला लावणारे शिबिर विद्यापीठाने घ्यावे. त्यात संगणक विभागातील सहकारी मदतीला असावेत, मुख्य वक्ते म्हणून नकोत. विद्यार्थ्याला माझ्यापेक्षा जास्त येत असेल या भीतीने कोणी मागे राहत असेल, तर स्वानुभवाने सांगते, त्याला जास्त येतेच. पण वाकलेली रेषा पाहून फ्लास्क गार होता का, हे विचारायचे शिक्षकालाच सुचते.

परीक्षेविषयी एक शेवटची गोष्ट. प्रात्यक्षिक परीक्षेत विचारले जात नाही ते वर्षभर कोणी मनापासून करत नाही, हे आपणा सर्वांना माहीत आहे. म्हणून प्रात्यक्षिकाच्या स्लिपांत (प्रश्नचिठ्ठ्यांत) एक स्लिप संगणकावरची असावी: तयार रीडिंग द्यावीत, त्यांत एक मुद्दाम चुकीचे घालावे, आणि विद्यार्थ्याने आलेख काढून ते ओळखावे व कारण सांगावे. गुण प्रोग्रॅमपेक्षा कारणाला जास्त द्यावेत. जुना प्रोग्रॅम, पुस्तक, हवे तर मोबाइलही जवळ ठेवू द्यावा, म्हणजे अर्धविरामासाठी अर्धा गुण कापण्याची पाळी पुन्हा येणार नाही. या सत्राच्या स्लिपा अजून छापायच्या आहेत. अभ्यास मंडळाच्या सदस्यांपैकी कोणी हे पत्र वाचत असतील, तर निदान एवढा बदल याच वर्षी करता येईल का, ते त्यांनी आपल्या दैनिकातूनच कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका
(जि. सातारा, नाव प्रसिद्ध करू नये)